पंचमीचं पाणी, पावणेचारची भरती

सोलापुरात रस्त्याला पुढच्या गावाचं नाव मिळतं. पुणे रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड, होटगी रोड. मंगळवेढ्याकडे जातो तो मंगळवेढा रोड, विषय संपला. पण त्याच रस्त्याने तसंच पुढं जात राहिलं, सांगोला, मिरज, कोल्हापूर मागं टाकलं आणि आंबा घाट उतरला, की तो रत्नागिरीत मिऱ्याच्या समुद्राशी जाऊन थांबतो. कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग १६६. रत्नागिरीकर त्याला मिऱ्या-नागपूर हायवे म्हणतात, म्हणजे आपलं सोलापूर त्यांच्या लेखी वाटेतलं एक गाव. ज्या रस्त्याच्या कडेनं मुलं सायकली हाणत शाळेला येतात त्याच्या दुसऱ्या टोकाला खारं पाणी आहे, हे फळ्यावर नकाशा काढून सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मग जाऊ की ओ मॅडम. सरळच तर आहे."

दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. पाठ चांगला आहे, त्याचं आपण जे करतो ते वाईट. 'क्षेत्रभेटीसाठी प्रश्नावली तयार करा' हा प्रश्न परीक्षेत येतो, म्हणून मुलं प्रश्नावली पाठ करतात. कुठंही न जाता क्षेत्रभेटीचे पैकीच्या पैकी गुण मिळतात. 'मानव व पर्यावरण यांचा परस्परांवर परिणाम होतो' हे वाक्य तर मी इतक्या उत्तरपत्रिकांत वाचलंय की आता त्यावरून नजर आपोआप घसरते. कोण कुणावर परिणाम करतो, कसा, आणि त्याची किंमत कोण भरतो? एवढं एकदा कुठंतरी उभं राहून बघायचं होतं. ते बघायला किनाऱ्याइतकी चांगली जागा नाही, कारण तिथं बदल व्हायला हजार वर्षं लागत नाहीत. दुपारपर्यंत थांबलं तरी काहीतरी हललेलं असतं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून समुद्रावर सहल म्हटलं की कुठल्याही मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती पडायलाच हवी. संमतीपत्रं झाली, एसटीची सवलतीची गाडी ठरली, आणि नियम असा ठरला की घोट्याच्या वर कुणाचंही पाऊल भिजणार नाही. खरा घोळ पुढं झाला, तारखेवरून.

किनारा नीट बघायचा तर ओहोटी लागते, आणि ओहोटी काही शाळेच्या वेळापत्रकावर चालत नाही. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढं. थोडं मागंपुढं होतं, बंदरागणिक फरक पडतो, पण होडीवाल्याचं काम भागतं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, मग पुन्हा भरती. दिवसातून दोनदा, आणि रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशीर, कारण चंद्र रोज तेवढा मागं पडतो.

हे वर्गात सांगितलं आणि मला कल्पनाही नव्हती इतका तास रंगला. आमच्या मुलांनी समुद्र बघितलेला नाही, पण तिथ्या त्यांच्या घरात आहेत. कुणाचे आजोबा पंढरीचे वारकरी, त्यांची एकादशी चुकत नाही. कुणाकडं संकष्टी. एका मुलीनं लगेच आषाढी एकादशीची भरती काढली आणि म्हणाली, "म्हणजे आजोबा चंद्रभागेत आंघोळीला उतरतात तेव्हा तिकडं समुद्र भरलेला असतोय." सकाळी सव्वाआठ. आजोबा तसे उशिराच आंघोळ करत असावेत.

तर तारीख. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत लांब ओसरतं, तेव्हा बघायला सगळ्यात जास्त मिळतं. सहल डिसेंबरातच बसत होती. मार्गशीर्षातली अमावास्या सुचवली तर निम्मा वर्ग उठून उभा राहिला: ती वेळ अमावास्या, येळवस! त्या दिवशी सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी शेतात असतो, भज्जी आणि आंबील असते, पाव्हणे असतात. समुद्र काय पळून चाललाय का? मग पौर्णिमा? ती दत्तजयंती, काही घरं गाणगापूरला निघालेली. त्याआधीची षष्ठी म्हणावं तर चंपाषष्ठी, बाळ्याच्या खंडोबाची यात्रा. जानेवारीत ढकलावं तर संक्रांतीला सिद्धेश्वराचा गड्डा, त्यात शाळा भरली तरी मुलं भरत नाहीत. चंद्र समुद्राला ओढतो तसाच सोलापूरकरालाही ओढतो, असं मी वैतागून म्हटलं आणि शेवटी वद्य पंचमीवर तडजोड झाली. पाच पाऊणे पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेनवाच्या सुमाराला ओहोटी. रात्रीतून प्रवास, सकाळी मोजणी आणि मग दिवसभर पाणी चढताना बघायचं. परगावच्या पाहुण्याला याहून सोयीची तिथी मिळाली नसती.

जाताना अंधार पडेपर्यंत एकच काम दिलं होतं, घरांची छपरं बघायची. माळवद, पत्रा, स्लॅब, कौल, असे चार रकाने. मंगळवेढ्याच्या बाजूला अजून कुठंकुठं मातीचं माळवद दिसतं. सपाट छप्पर, वर ज्वारीची कणसं वाळत घालता येतात, कारण पावसाची भीती नाही. आंबा घाट उतरल्यावर उजाडलं तेव्हा माळवदाचा रकाना बंद झालेला आणि कौलांचा भरायला लागलेला. स्लॅबच्या घरांवरसुद्धा वर पत्र्याची उतरती शेड. सोलापूरचा वर्षाचा पाऊस मिलिमीटरमध्ये तीन आकडी, रत्नागिरीचा तीन हजारांच्या वर. हे आकडे मुलांना ठाऊक होते, छपरावर कधी बघितले नव्हते.

पहिला मुक्काम भाट्याची पुळण. काजळी नदी समुद्राला मिळते त्या खाडीला लागून लांबलचक वाळू आणि मागं सुरूचं बन. मुलांनी पहिली दहा मिनिटं जे करायचं ते केलं. किंचाळली, पळाली, पाणी बोटानं जिभेला लावून बघितलं. आमच्यातली तेलुगू घरची एक मुलगी "अम्मो, अम्मो" एवढंच म्हणत उभी होती. मी मध्ये पडले नाही. समुद्र पहिल्यांदा बघणाऱ्याच्या हातात लगेच वही देणं हा गुन्हा आहे.

नंतर वह्या निघाल्या. किनाऱ्याचा उतार मोजायला महागडं यंत्र शाळेकडं नव्हतं, पण एका मुलीचे वडील गवंडी आहेत. बांधकामावर लेव्हल काढायला पाणी भरलेली जी पारदर्शक नळी वापरतात, ती तिनं गुंडाळून पिशवीत आणली होती. दोन काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा, एक काठी पाण्याच्या कडेला, दुसरी पाच मीटर वर, नळीची दोन टोकं दोन काठ्यांना धरायची. नळीतलं पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला थांबतं. दोन खुणांतला फरक म्हणजे तेवढ्या अंतरातला चढ. मग काठ्या पुढं सरकवायच्या. सुरूच्या बनापर्यंत हे करत जायचं. ती मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही. इथं ती मुकादम झाली. "हवा राहिलीय नळीत, ठोका तिला. बुडबुडा काढल्याबिगर माप घेऊ नका." सर्वांत हुशार समजली जाणारी मुलं निमूट नळी ठोकत होती. वहीतल्या आकड्यांवरून आलेखाच्या कागदावर रेघ काढली तेव्हा कळलं की डोळ्याला सपाट वाटणारी वाळू आधी हळू चढते, मग भरतीच्या खुणेपाशी एक पायरी घेते, आणि बनाच्या तोंडाशी एकदम कापल्यासारखी उभी होते. तिथं सुरूच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या. झाडं माणसांनी लावली, वाळू धरून ठेवायला. पाणी त्यांच्या मुळाशी येऊन पोचलं होतं.

संत्र्यांचा प्रयोग सगळ्यात स्वस्तातला. लाटा फुटतात त्याच्या थोडं पलीकडं संत्रं भिरकवायचं, किनाऱ्यावर दोन काठ्या रोवून अंतर आखायचं आणि घड्याळ लावायचं. संत्रं तरंगतं, लांबून दिसतं, वाऱ्यानं फारसं वाहवत नाही. आधी ती जागच्या जागी आतबाहेर करत राहिली. मग सगळी मिळून, लाटेगणिक थोडी थोडी, किनाऱ्याच्या कडेकडेनं एकाच बाजूला सरकायला लागली. लाट तिरकी येते, माघारी जाताना सरळ उतरते; येताजाता जे हातात असेल ते थोडं बाजूला नेऊन ठेवते. संत्रं जातं तशी वाळूही जाते. म्हणजे आपण जिच्यावर उभे आहोत ती वाळू काल दुसऱ्या कुणाच्या दारात होती. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं सगळं फार समजवावं लागत नाही. समुद्रात आडवी भिंत घातली, मग ती बंदरासाठी का असेना, तर भिंतीच्या एका अंगाला वाळू साठणार आणि दुसरं अंग उपाशी राहणार. धरणाच्या खालच्या गावांचं काय होतं ते आमच्या मुलांना सांगावं लागत नाही.

मांडवीला थोडाच वेळ होतो, पण तिथं एक गंमत झाली. रत्नदुर्गाच्या एका बाजूच्या समुद्राला रत्नागिरीत पांढरा समुद्र म्हणतात आणि मांडवीकडच्या बाजूला काळा. पाणी सारखंच, फरक वाळूचा. पांढऱ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर, लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात. काळ्या वाळूत फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक फिरवला तर त्याला दाढी फुटली. हे काळे कण मॅग्नेटाइटचे, सोबत इल्मेनाइट. आले कुठून? सह्याद्रीच्या बेसाल्टमधून, नद्यांनी झिजवून आणलेले. आणि तोच बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, इकडं आमच्या शेतांच्या काळ्या मातीखाली आहे. त्याच दगडाची घाटाच्या पश्चिमेला वाळू झाली आणि पूर्वेला ज्वारीची जमीन. पाण्याचा हिशेब तर आणखी उलटा: अरबी समुद्र जवळ असूनही भीमाशंकरला उगवणारी भीमा त्याच्याकडं पाठ फिरवते, आमची सीना पोटात घेते, कृष्णेला मिळते आणि आंध्रात बंगालच्या उपसागरात पडते. सोलापूरच्या नाल्यात टाकलेली पिशवी जर पोचलीच तर मांडवीला पोचणार नाही, पूर्व किनाऱ्यावर पोचेल. एका मुलानं हे फार गांभीर्यानं लिहून घेतलं. का, ते मी विचारलं नाही.

मासे बाजारात प्रश्नावलीचं जे व्हायचं ते झालं. पहिला प्रश्न ठरलेला, 'आपले मासिक उत्पन्न किती?' बांगडे मांडून बसलेल्या मावशींनी विचारणाऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आधी तुझ्या मॅडमचं किती ते सांग. मग माझं सांगते." सगळा बाजार हसला. मी प्रश्नावल्या गोळा करून पिशवीत घातल्या आणि सांगितलं, फक्त काल काय मिळालं तेवढं विचारा. मग मावशी बोलल्या. मासा लांब गेला म्हणाल्या. डिझेल जास्त जळतं आणि होडी अर्धी भरून येते. रात्री समुद्रात दिवे लावून मासा गोळा करणाऱ्या बोटींवर त्यांचा राग होता. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, पण बंदी कागदावर असते आणि दिवा पाण्यावर, असं त्यांचं म्हणणं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी असते, अंडी घालायचा हंगाम म्हणून. ती बंदी त्यांना मान्य होती. "तेवढं दिलंच पाहिजे त्याला." त्याला म्हणजे समुद्राला. मग नारळी पौर्णिमेला नारळ. आमच्या एका मुलीनं विचारलं, दोन महिने खाता काय? मावशींनी सुक्या बांगड्याची पिशवी दाखवली. तिनं विकत घेतली, आणि परतीच्या प्रवासात गाडीभर त्या पिशवीची चर्चा झाली.

मिऱ्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि पाणी चढत होतं. इथं पुळण शोधावी लागते. रस्ता, घरं, मग दगडांचा भलामोठा बंधारा आणि पलीकडं थेट समुद्र. धूपप्रतिबंधक बंधारा हे त्याचं सरकारी नाव. जुना बंधारा दर पावसाळ्यात कुठंतरी ढासळायचा, बातमी यायची, दगड टाकले जायचे. आता नव्यानं घातलेल्या बंधाऱ्याला टेट्रापॉड आहेत, काँक्रीटचे चार पायांचे अजस्र ठोकळे. मुलांचं लक्ष मात्र गंजलेल्या जहाजाकडं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' नावाचं हे जहाज इथं येऊन अडकलं. खलाशी सुखरूप बाहेर आले, जहाज कितीतरी वर्षं तिथंच राहिलं. निसर्ग ज्या दिवशी आलं तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेत, लॉकडाऊनमध्ये घरी बसून होती. वादळ म्हणजे टीव्हीवरची फिरती भिंगरी. लोखंडाचा तो डोंगर बघून त्यांना वाऱ्याचं वजन कळलं.

बंधाऱ्याजवळ एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते. कुठनं आलात, सोलापूर म्हटल्यावर चादरीची चौकशी झाली, ती सगळीकडंच होते. मग त्यांनी हातातली काठी उचलून लाट फुटत होती तिकडं रोखली. "तिथं आमच्या माडांची वाडी होती. तिच्याही पलीकडं पुळण." मुलं काठीच्या टोकाकडं बघत राहिली. तिथं फक्त पाणी. मग एकानं विचारलं, आणि हा प्रश्न शहरातल्या मुलानं कधीच विचारला नसता, "मग आजोबा, सातबारा?"

आजोबा मोठ्यानं हसले. "सातबारा आहे ना. जमीन नाही."

यावर हा पोरगा, करमाळ्याकडचा, मामाकडं राहून शिकतो, पटकन म्हणाला, "आमच्यात उलटं हाय. जमीन हाय, सातबारा नाही."

मी थक्क झाले. तो काय म्हणतोय ते आजोबांना समजवायला मग त्यालाच उभं केलं. उजनी धरण १९८० मध्ये झालं, भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली, त्यात त्यांचं रान गेलं. जमीन सरकारजमा, पैसे मिळाले ते संपले. पण उन्हाळ्यात धरण उतरतं. पाणी मागं मागं जातं आणि तेच जुनं रान गाळ पांघरून वर येतं. मग लोक त्यात गाळपेर करतात. चार महिन्यांचं पीक, पावसाळ्यात पुन्हा पाणी. कागदावर नाव नाही, पण बांध कुणाचा कुठं होता ते म्हाताऱ्यांना पाठ आहे. आजोबांनी सगळं ऐकलं, काठी खाली ठेवली आणि विचारलं, "पाणी वर येण्याआधी कळवतात का तुम्हाला?" मग दोघांचं जे संभाषण झालं त्यात माझी काही गरज उरली नव्हती.

बंधाऱ्याबद्दल आमचं गाडीत भांडण झालं आणि ते अहवाल लिहून होईपर्यंत चाललं. एका गटाचं म्हणणं, भिंतीनं घरं वाचवली, प्रश्न मिटला. दुसऱ्या गटानं भाट्याचा आलेख पुढं केला. उतरती वाळू असते तेव्हा लाट तिच्यावर चढता चढता दमते. भिंतीवर लाट आपटते, तशीच मागं फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू घेऊन जाते. पायथा खोल झाला की पुढची लाट आणखी मोठी येऊन पोचते. दगड खचतात, वर आणखी दगड. शिवाय भिंत जिथं संपते त्याच्या पुढच्या घराचं काय? आणि होडी ओढायला पुळण राहिली का? दोन्ही गटांचं लिखाण मी तसंच ठेवलं, जुळवून घ्यायला लावलं नाही. माझं घर त्या रस्त्यावर असतं तर मीही भिंतच मागितली असती, आणि तरीही दुसऱ्या गटाचा आलेख बरोबर आहे. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रह चित्रांवरून देशाच्या किनाऱ्याचा ताळेबंद मांडला आहे: सुमारे एक तृतीयांश किनारा झिजतोय, एक चतुर्थांशाहून थोडा जास्त वाढतोय, बाकीचा जागेवर आहे. महाराष्ट्राचा साधारण पाव हिस्सा झिजणारा. हे आकडे मी परत आल्यावर दिले. आधी दिले असते तर ते त्या पाठ केलेल्या वाक्याच्या शेजारी जाऊन बसले असते.

तिवरांसाठी, म्हणजे खारफुटीच्या झाडांसाठी, वेळ कमी पडला. खाडीच्या कडेला चिखलातून वर आलेली श्वसनमुळं बघितली, पानाच्या पाठीवरचं मीठ चाटून बघितलं, एवढंच. जादा पाणी देऊन ऊस पिकवता पिकवता क्षारपड झालेली जमीन ज्यांनी बघितलीय त्यांना मिठात उगवणाऱ्या झाडाचं अप्रूप जास्त वाटलं. एकानं बी घरी नेऊन लावू का विचारलं. नको म्हटलं.

परतल्यावर वर्गात किनाऱ्याची लांबी काढायला दोरा घेतला. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, भारताचा ७,५१६, हे आम्ही सगळे पाठ करून मोठे झालो. भिंतीवरच्या नकाशावर दोरा टाकला तर एक उत्तर, जिल्ह्याच्या मोठ्या नकाशावर तोच तुकडा मोजला तर दुसरं, आधीपेक्षा मोठं. कारण मोठ्या नकाशावर प्रत्येक खाडीत दोऱ्याला शिरावं लागतं. मुलांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. तर केंद्र सरकारचंही असंच झालंय: १९७० च्या दशकातली मोजणी एकास पंचेचाळीस लाख प्रमाणाच्या नकाशावरची होती, नवी एकास अडीच लाखाच्या, आणि भारताचा किनारा एकदम ११,०९८ किलोमीटरांवर गेला. एक इंचही जमीन वाढली नाही. "मग परीक्षेत काय लिहायचं?" या प्रश्नाला मी जे पुस्तकात आहे ते लिहा असं सांगितलं, दुसरं काय सांगणार.

उजनी मात्र मला सोडेना. सोलापूरच्या प्रत्येक घरात उजनीची टक्केवारी ठाऊक असते, कारण नळाला पाणी कितीव्या दिवशी येणार ते तिच्यावर. एकूण साठा ११७ टीएमसीच्या घरात, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी, म्हणून आमचं धरण उन्हाळ्यात शून्याच्या खाली जातं, 'मायनस' होतं. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आपल्याकडं संशयानं बघतो. पण पाणी मायनस होतं म्हणजे काठ कितीतरी मागं सरकतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही करमाळ्याच्या बाजूनं तिथं गेलो, त्या मुलाच्या आजीच्या गावाजवळ. पाण्याच्या मागं मागं शेतकऱ्यांच्या मोटारी गेलेल्या. आधीच्या जागेपासून पुढं पाइप जोडलेले, केबल ओढलेली, चिखलात चारी खणून पाणी मोटारीपर्यंत आणलेलं. पाणी आणखी हटलं की पुन्हा पाइप, पुन्हा केबल. उथळ पाण्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात ते याच चिखलासाठी, आणि त्यांना बघायला पुण्याहून गाड्या येतात त्यांच्यासाठी आता होड्या आहेत. धरण बांधताना यातलं काहीच कुणी आखलं नव्हतं. गाळपेरीत कलिंगडं होती. आजीनं एक फोडलं आणि पाण्याच्या दिशेनं हात करून आपलं जुनं घर कुठं होतं ते दाखवलं, तिथून दिसणाऱ्या, उघड्या पडलेल्या दगडांच्या ढिगाच्या जरा अलीकडं. मुलांनी न सांगता नळी आणि काठ्या काढल्या. कलिंगडाच्या वाफ्यापासून पाण्याच्या कडेपर्यंतचा उतार भाट्याच्या कागदावरच वेगळ्या रंगात काढला. उजनीची रेघ भाट्यापेक्षाही सपाट निघाली. म्हणजे पाणी हातभर उतरलं तरी काठ केवढा लांब जाणार, ते आजीला आलेखाशिवायच ठाऊक होतं.

आता पुढचा बेत हिप्परग्याचा आहे. तुळजापूर रोडला, सायकलच्या टप्प्यात, १८७१ साली पुरा झालेला एकरुखचा तलाव. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, पाण्याच्या कडेला खुंटी ठोकायची आणि नळीनं उतार घ्यायचा; वर्षभर. नववीच्या मुलांनी, म्हणजे दहावीत गेल्यावर त्यांच्याकडं स्वतःचे आकडे असतील. गवंड्याची मुलगी नवीन मुलांना बुडबुडा काढायला शिकवतेय. पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, तिथं रोज जाता-येता दिसतो तो तलाव, त्यात बघायचं काय? त्यांच्या मुलानंच परस्पर उत्तर दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. एसटी नाही, वर्गणी नाही, मुक्काम नाही, त्यामुळं मुख्याध्यापकांनी अर्ज जागेवरच मंजूर केला. खाली लाल शाईत एकच शेरा आहे: पाण्यात उतरू नये.